अनुमानाचे प्रश्न: शेवटच्या दोन पर्यायांत मी नेहमी चुकीचाच का निवडते?

सावली_२

नमस्कार मंडळी,

तर्कक्षमता चाचणीची तयारी करते आहे. बैठकव्यवस्था, दिशा, नातेसंबंध, सांकेतिक भाषा हे सगळं जमतं. अडतं एकाच प्रकाराशी. चार-पाच ओळींचा उतारा असतो आणि खाली प्रश्न: 'वरील माहितीवरून पुढीलपैकी कोणत्या निष्कर्षाला सर्वाधिक आधार मिळतो?' चारातले दोन पर्याय मी चटकन उडवते. उरलेल्या दोनांतला जो निवडते तो हमखास चुकतो. नाणं उडवलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते. म्हणजे माझं डोकं नाण्यापेक्षा वाईट चालतंय.

कालचाच नमुना देते:

'एका कारखान्यात गेल्या वर्षाच्या सुरुवातीला नवे सुरक्षा-नियम लागू झाले. गेल्या वर्षभरात कामगारांची संख्या दुप्पट झाली. अपघातांची संख्या मात्र आदल्या वर्षाइतकीच राहिली.'

अ) नव्या नियमांमुळे कारखाना अधिक सुरक्षित झाला.
ब) नवे नियम नसते तर अपघातांची संख्या वाढली असती.
क) कामगारांच्या संख्येच्या तुलनेत अपघातांचं प्रमाण कमी झालं.
ड) नवे कामगार जुन्या कामगारांपेक्षा जास्त काळजी घेतात.

मी 'ब' निवडला. उत्तरसूचीत 'क' आहे. पण 'क' म्हणजे नुसता भागाकार झाला! त्यात अनुमान कुठे आलं? नियम आले, माणसं दुप्पट झाली, तरी अपघात वाढले नाहीत, तर नियमांचा उपयोग झाला असं म्हणणं म्हणजेच अनुमान ना? की मी शब्दाचा अर्थच चुकीचा घेऊन बसले आहे?

आळशी_ससा

नाण्यापेक्षा वाईट ही तर आनंदाची बातमी आहे. जो पर्याय आवडेल तो सोडायचा आणि उरलेला लिहायचा. पैकीच्या पैकी.

सावली_२

ससेराव, करून पाहिलं. त्या दिवशी माझं मूळचं उत्तर बरोबर निघालं. :(

पाटीपेन्सिल

बरीच वर्षं हाच प्रकार शिकवते आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

शब्दाबद्दल तुमचा संशय बरोबर आहे. बोलताना आपण अनुमान हा शब्द अंदाज या अर्थाने वापरतो. 'माझं अनुमान आहे की तो येणार नाही.' तिथे आपण माहितीतल्या फटी आपल्या अनुभवाने बुजवतो, आणि ज्याला फटी चांगल्या बुजवता येतात त्याला आपण हुशार म्हणतो. या चाचणीत नेमकं उलट आहे. फट दिसली की तिथे थांबायचं.

माझ्या वर्गात एक नियम आहे. पर्याय निवडला की उताऱ्यातल्या ज्या शब्दांच्या जिवावर तो निवडला त्यांवर बोट ठेवायचं. खरंखुरं बोट, कागदावर. तुमच्या प्रश्नात करून बघा. 'क'साठी एक बोट 'कामगारांची संख्या दुप्पट' वर, दुसरं 'अपघातांची संख्या आदल्या वर्षाइतकीच' वर. झालं. आता 'ब'साठी ठेवा. 'नियम लागू झाले' वर ठेवाल, पण 'नसते तर वाढली असती' यासाठी बोट कुठे ठेवणार? नियम नसलेला कारखाना उताऱ्यात नाहीच. तो तुम्ही मनात उभारलात. त्याच वर्षी नवी यंत्रं आली असतील, धोक्याचं काम बाहेर दिलं गेलं असेल, नवी भरती सगळी हिशेबाच्या टेबलावर झाली असेल. यातलं काहीही झालं असेल तर नियमांशिवायही अपघात तितकेच राहिले असते.

'अ'चंही तेच दुखणं, कारण 'मुळे' हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. 'ड'मध्ये तर नव्या-जुन्यांची तुलना आहे, तिचा उताऱ्यात मागमूसही नाही.

आणि 'क' भागाकारासारखा नीरस वाटतो ही तक्रार मला दर बॅचमध्ये ऐकू येते. या प्रकारातलं बरोबर उत्तर बहुतेक वेळा नीरसच असतं. वाचून 'बरं मग?' असं वाटलं की जरा लक्ष द्यायचं.

मुक्ता

बोटाची युक्ती आवडली. पडद्यावरच्या परीक्षेत पडद्यावर बोट ठेवलं तर पर्यवेक्षक काय म्हणतील?

पाटीपेन्सिल

पडदा पुसायला लावतील. तिथे मनातलं बोट.

शंकासुर

उत्तरसूची चूक आहे. 'क'सुद्धा सिद्ध होत नाही.

समजा वर्षभर शंभर कामगार होते आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी आणखी शंभर आले. 'वर्षभरात संख्या दुप्पट झाली' हे खरं. अपघात आदल्या वर्षी दहा, गेल्या वर्षीही दहा. पण ते दहा अपघात शंभर माणसांतच झाले. प्रमाण तसूभरही घटलं नाही. शिवाय अपघात कामगारांचेच झाले हे तरी कुठे लिहिलंय? माल उतरवायला आलेल्या गाडीचा चालकही असेल. पाटीपेन्सिल, तुमचं दुसरं बोट उचला.

आळशी_ससा

शंकासुरांना परीक्षेला बसवा, पण पेपर काढणाऱ्याच्या शेजारी.

गणिताचार्य

शंकासुर, तुमचं उदाहरण गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. म्हणूनच प्रश्नाची भाषा महत्त्वाची. सावली यांनी दिलेल्या प्रश्नात 'सर्वाधिक आधार' आहे, 'निश्चितपणे खरा' नाही. हे दोन वेगळे खेळ आहेत.

'निश्चितपणे खरा' असेल तर एक प्रतिउदाहरण पुरतं. उतारा खरा आणि पर्याय खोटा अशी एकच परिस्थिती रचता आली की पर्याय बाद. तिथे तुमचा शेवटच्या दिवशीचा घोळका 'क'ला बाद करतो हे मान्य. 'सर्वाधिक आधार' मध्ये चारही पर्यायांची आपसांत तुलना करायची. 'क' खोटा पाडायला तुम्हाला सगळी भरती ३१ डिसेंबरला करावी लागली. 'ब' खोटा पाडायला काहीच करावं लागत नाही, एक नवं यंत्र आणलं की काम होतं. जो पर्याय पाडायला सर्वांत जास्त कसरत लागते त्याला सर्वाधिक आधार, असं मी धरतो.

कायद्याच्या प्रवेशासाठीच्या एलसॅटमध्ये दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच विभागात येतात. ३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिटही मिळत नाही. या दीड मिनिटातली पहिली पाच सेकंदं मी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचण्यात घालवतो, उतारा नंतर. कोणत्या खेळात आहोत हे कळल्याशिवाय उतारा वाचणं म्हणजे शर्यतीचं अंतर न विचारता पळत सुटणं.

शंकासुर

'कसरत' हे मोजायचं कशाने? तुम्हाला जी कसरत वाटते ती मला सहज सुचली.

मुक्ता

म्हणूनच तुमचं नाव शंकासुर आहे ना.

या 'किती आधार' प्रकाराचा माझाही एक अनुभव. नोकरीसाठी एका कंपनीने वॉटसन-ग्लेझर नावाची चाचणी घेतली होती. त्यातल्या अनुमानाच्या विभागात प्रत्येक विधानाला पाचातलं एक उत्तर द्यायचं असतं: सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, बहुधा असत्य, असत्य. मी आयुष्यभर बरोबर-चूक एवढंच शिकलेली. 'बहुधा सत्य' आणि 'माहिती अपुरी' यांच्या मधल्या दरीत मी इतक्या वेळा पडले की शेवटी सगळीकडे 'माहिती अपुरी' लिहीत सुटले. कॉल आला नाही. का नाही आला यावर अनुमान काढणार नाही, माहिती अपुरी आहे.

पण नंतर शांतपणे विचार केला तर त्या पाच पायऱ्यांनी एक गोष्ट शिकवली. 'सिद्ध होत नाही' आणि 'काहीच सांगता येत नाही' यांत खूप जागा आहे. शंकासुर सिद्ध होत नाही म्हणाले की थेट शून्यावर नेऊन ठेवतात.

नैयायिक

गणिताचार्यांचा 'कसरती'चा मुद्दा आपल्याकडे फार पूर्वी येऊन गेलेला आहे, म्हणून राहवलं नाही.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, अनुमानावरच आक्षेप घेतलेला आहे. नदीला पूर आलेला बघून वर कुठेतरी पाऊस पडला असं आपण अनुमान करतो. पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, बांध घालून पाणी अडवलं तरी पातळी वाढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार, असं म्हणता; पण त्यांचं वारूळ कुणी मोडलं असेल. मोराचा आवाज आला म्हणून मोर आहे म्हणता. कुणी माणूस नक्कल करत असेल. म्हणून अनुमान हे प्रमाणच, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचं साधनच, नाही. हा पूर्वपक्षी म्हणजे जुन्या काळचे शंकासुरच.

भाष्यकार वात्स्यायनाचं उत्तर मला या धाग्यासाठी फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, नुसतं पाणी वाढलेलं बघून कुणी पावसाचं अनुमान करत नाही. पावसाच्या पुराचं पाणी निराळं असतं. त्याला वेग असतो, भरपूर फेस असतो, फळं, पानं, लाकडं वाहत येत असतात. या सगळ्या खुणा दिसल्या तर 'वर पाऊस झाला' हे अनुमान टिकतं. चूक अनुमानाची नाही, अर्धवट खुणेवर उडी मारणाऱ्याची आहे.

सावली, तुमच्या कारखान्यात नुसतं पाणी वाढलेलं दिसतंय. फेस, पानं, लाकडं उताऱ्यात नाहीत.

सावली_२

हे काहीतरी डोक्यात बसलं! म्हणजे उतारा असा असता तर: 'नवे नियम निम्म्याच विभागांत लागू केले. त्या विभागांत अपघातांचं प्रमाण घटलं, बाकीच्यांत तेवढंच राहिलं. विभाग एकसारखे होते.' मग फेस आणि लाकडं दिसली असं म्हणता येईल? आणि 'अ'ला आधार मिळेल?

पाटीपेन्सिल

बरोब्बर. सिद्ध तरीही होणार नाही, पण आता 'अ'साठी बोट ठेवायला जागा झाली.

अर्धवटराव

धागा जड होतोय, एक खेळ घ्या. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वरच्या बाजूला दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा: 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.' नियम पाळला गेलाय का हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील? कमीत कमी. शोधून उत्तर देऊ नका.

आळशी_ससा

अ आणि ४. पुढचा प्रश्न?

मुक्ता

अ आणि ४. मलाही तेच येतंय. ससेरावांशी एकमत झालं म्हणजे नक्की चूक.

गणिताचार्य

अ आणि ७. ४च्या मागे क असला तरी नियम मोडत नाही, कारण 'सम असेल तर स्वर' असं कुणी म्हटलेलंच नाही. ७च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. हे मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसनचं १९६६चं कोडं आहे. अक्षरं-आकडे असलेल्या रूपात दहातला एखादाच बरोबर उत्तर देतो, त्यामुळे ससा आणि मुक्ता मोठ्या कंपूत आहेत.

गंमत म्हणजे १९८२ साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तीच रचना ठेवून विषय बदलला: ठरावीक वयाखालच्या माणसाने मद्य प्यायचं नाही, आणि तुम्ही पोलीस आहात. जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी बरोबर माणसं तपासली. रचना तीच, डोकंही तेच.

आळशी_ससा

म्हणजे मी आकडे तपासणारा म्हणून नालायक, पोलीस म्हणून बरा.

नैयायिक

अवांतर होतंय, पण ४चं कार्ड उलटणारा आणि 'आग आहे म्हणून धूर आहे' म्हणणारा एकाच वाटेने चुकतात. धूर तिथे आग, ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी सोबत. आग तिथे धूर, ही नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर यायला ओलं सरपण लागतं, त्याला उपाधी म्हणतात. तर्कसंग्रह या न्यायाच्या प्राथमिक ग्रंथात हेच उदाहरण आहे. परीक्षेत 'जर-तर' दिसलं की मी आधी लोखंडाचा गोळा शोधतो.

कानामात्रा

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक मुद्दा, जो शिकवणीच्या पुस्तकांत मला कधी दिसला नाही. 'च' कुठे बसलाय ते बघा.

'सभासदच आत जाऊ शकतात.'
'सभासद आत जाऊ शकतातच.'

पहिल्यात आत दिसलेला माणूस सभासद असणार हे नक्की, पण एखाद्या सभासदाला आत सोडतीलच असं नाही. दुसऱ्यात प्रत्येक सभासदाला आत जाता येतं, पण आत दिसलेला माणूस सभासद आहे का ते सांगता येत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि बाण उलटा फिरला. 'फक्त', 'शिवाय', 'तरच' यांचंही तसंच. 'अर्ज केला तर निवड होईल' आणि 'अर्ज केला तरच निवड होईल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत वाचताना डोळा तो 'च' गिळून टाकतो.

दुसरा सापळा नकाराचा. 'सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत.' एकही झाला नाही, की काही झाले आणि काही नाही? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. अनुवादित प्रश्नपत्रिकेत असं वाक्य आलं की मी शेजारी दुसऱ्या भाषेतला प्रश्न असेल तर तो वाचते. नसेल तर 'काही झाले नाहीत' एवढंच धरते, कारण दोन्ही अर्थांत तेवढं खरं असतंच (विद्यार्थी मुळात होते असं गृहीत धरून, नाहीतर शंकासुर येतील).

शंकासुर

आलोच. कंसाबद्दल आभार. पण तो कंस हाच खरा वाद आहे. 'सर्व अ हे ब आहेत' यावरून 'काही अ हे ब आहेत' हा निष्कर्ष निघतो का? 'विनापरवाना आत आलेल्या सर्वांवर कारवाई होईल' यावरून विनापरवाना कुणीतरी आत आलंय असं ठरतं का? नाही ना. मग परीक्षेत ते बरोबर का धरतात?

गणिताचार्य

कारण त्या परीक्षा ॲरिस्टॉटलच्या वळणाने चालतात. तिथे 'सर्व अ' म्हटलं की अ आहेत हे धरलेलं असतं. आजचं तर्कशास्त्र ते धरत नाही. एकच योग्य असं नाही. ज्या परीक्षेला बसायचं तिचे नमुना-प्रश्न बघायचे आणि तिची रीत पाळायची. चाचणीत तत्त्वासाठी गुण घालवण्यात अर्थ नाही.

शंकासुर

तत्त्वासाठीच घालवायचे असतात.

आळशी_ससा

तुमचे किती गेले आतापर्यंत?

शंकासुर

माहिती अपुरी.

मुक्ता

हाहा!

'काही' वरून आठवलं. बोलण्यात 'काही लोक आले' म्हणजे 'सगळे नाही आले' हे आपण ऐकतोच. चाचणीत मात्र 'काही' म्हणजे किमान एक, सगळेसुद्धा असू शकतात. हे कळायला मला दोन महिने लागले. 'काही पक्षी उडतात, म्हणून काही पक्षी उडत नाहीत' हे मी बिनदिक्कत बरोबर धरत होते. पक्षी खरंच न उडणारे असतात ना, म्हणून संशयही आला नाही.

पाटीपेन्सिल

मुक्ता, शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. निष्कर्ष जगात खरा असला की आपण त्याची वाट तपासत नाही. यावर इव्हान्स, बारस्टन आणि पोलार्ड यांचा १९८३चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना युक्तिवाद दिले आणि निष्कर्ष विधानांतून निघतो का एवढंच विचारलं. निघत नसलेले पण पटण्याजोगे निष्कर्ष ७१ टक्के वेळा स्वीकारले गेले. निघत नसलेले आणि न पटणारे फक्त १० टक्के वेळा. उलट, अगदी बरोबर निघणारे पण न पटणारे निष्कर्ष ५६ टक्क्यांवरच अडकले. प्रश्न तर्काचा होता, उत्तर लोक ओळखीवरून देत होते.

मी वर्गात यासाठी नावं पुसून टाकायला लावते. 'सर्व ग्रह गोल असतात. पृथ्वी गोल आहे. म्हणून पृथ्वी ग्रह आहे.' निम्मा वर्ग मान डोलावतो. मग पृथ्वी पुसून तिथे फुटबॉल लिहिते.

कानामात्रा

फुटबॉल ग्रह! उद्या भाच्याला विचारते.

अर्धवटराव

'बहुतेक'बद्दल कुणी बोललं नाही. माझं डोकं तिथेच फिरतं. बहुतेक शिक्षक पदवीधर असतात. बहुतेक पदवीधर शिक्षक नसतात. म्हणून बहुतेक शिक्षक शिक्षक नसतात.

आळशी_ससा

माझ्या शाळेचा अनुभव बघता निष्कर्ष बरोबर आहे.

गणिताचार्य

अर्धवटराव, नाव बदला. फार नेमकं उदाहरण दिलंत. 'बहुतेक'ची साखळी जोडता येत नाही हे यापेक्षा सोपं सांगता येणार नाही.

पण 'बहुतेक' एका ठिकाणी कामाला येतं, आणि ते अनेकांना माहीत नसतं. दोन्ही वाक्यं एकाच गटाबद्दल असतील तर. मंडळातले बहुतेक सभासद पोहतात. मंडळातले बहुतेक सभासद चष्मा लावतात. मग पोहणारा आणि चष्मा लावणारा असा किमान एक सभासद असलाच पाहिजे. अकरा जणांत सहा पोहणारे. चष्मेवाले सहा बसवायला गेलात तर उरलेल्या जागा पाचच. सहावा पोहणाऱ्यांत घुसणारच. 'काही' आणि 'काही' मधून मात्र असं काही निघत नाही. आणि पर्यायात 'बहुतेक पोहणारे चष्मा लावतात' असं दिसलं तर तो सापळा. निघतो तो एकच बिचारा चष्मेवाला.

मुक्ता

हे कागदावर अकरा टिंबं काढून पाहिलं. खरंच घुसला सहावा!

संपादक_मंडळ

धागा छान चाललाय. सावली यांच्या मूळ प्रश्नावर कुणाला आणखी काही सांगायचं असल्यास सांगावं. सशाने शिक्षकांबद्दल बोलताना शिक्षक धागा वाचतायत हे लक्षात घ्यावं.

पाटीपेन्सिल

शिक्षकांनी वाचलं. शिक्षक हसले.

मूळ प्रश्नाकडे येते. 'शेवटच्या दोनांत चुकीचाच का' याचं उत्तर मला असं वाटतं. सावली, तुम्ही उडवता ते दोन पर्याय विषयाला सोडून असतात, ते कुणीही उडवतो. उरलेल्या दोनांत एक असतो जो उताऱ्याच्या पुढे एक पाऊल टाकतो, आणि एक उताऱ्याच्या आतच राहतो. तुम्हाला पुढे गेलेला आवडतो, कारण लेखकाला 'म्हणायचं काय आहे' ते त्यात बोललं जातं. म्हणून नाण्यापेक्षा वाईट. नाण्याला लेखकाच्या मनात शिरायची हौस नसते.

एक काम करा. चुकलेले प्रश्न परत सोडवू नका. फक्त तुमचा निवडलेला पर्याय आणि बरोबर पर्याय शेजारी शेजारी लिहा, आणि तुमच्यातला कोणता शब्द जास्तीचा आहे त्याभोवती गोल करा. 'मुळे', 'नेहमी', 'मुख्य', 'सर्वांत', 'व्हायला हवं', 'असतं तर'. इथे उपाय सांगितला की सगळे हो म्हणतात, आणि करत कुणी नाही, म्हणून निकाल इथे येऊन सांगायचा.

सावली_२

तीन आठवड्यांनी परत आले. खरंच केलं.

चुकलेले ३४ प्रश्न वहीत काढले. गोल केलेले शब्द मोजले तर १५ ठिकाणी कारणाचा शब्द होता, 'मुळे' किंवा त्याचा भाऊबंद. ८ ठिकाणी 'सर्वांत', 'मुख्य', 'एकमेव' यांतलं काहीतरी. ५ मध्ये 'काही'चं मी 'बहुतेक' केलं होतं. ४ मध्ये सल्ला होता, म्हणजे उतारा सांगतो काय आहे आणि मी निवडलं काय करायला हवं. उरलेल्या २ मध्ये कानामात्रा यांचा 'च' गिळला होता.

म्हणजे माझा आजार एकच निघाला. उताऱ्यात दोन गोष्टी शेजारी दिसल्या की मी त्यांचं लग्न लावून मोकळी.

आता कालचा एक प्रश्न. यात शेवटचे दोन उरले आणि मी पहिल्यांदाच न घाबरता निवडलं. 'एका ग्रंथालयाने काही जुन्या पुस्तकांना नवी मुखपृष्ठं घातली. पुढच्या सहा महिन्यांत त्या पुस्तकांची मागणी वाढली. ज्यांची मुखपृष्ठं बदलली नाहीत अशा जुन्या पुस्तकांची मागणी तेवढीच राहिली.' माझ्यापुढे उरलेले पर्याय: (१) वाचक पुस्तक मुख्यतः मुखपृष्ठ बघून निवडतात. (२) पुस्तकाच्या मागणीवर मुखपृष्ठाचा परिणाम होत असावा. आधीची मी डोळे झाकून (१) वर गेले असते. 'मुख्यतः'भोवती गोल केला आणि (२) निवडला. सूचीतही (२). 'न बदललेली पुस्तकं तेवढीच राहिली' हे वाक्य म्हणजे नैयायिकांचा फेस आणि लाकडं, बरोबर ना?

नैयायिक

बरोबर. निदान फेस तरी.

शंकासुर

थांबा. मुखपृष्ठ बदलायला पुस्तकं निवडली कुणी आणि कशावरून? जी पुस्तकं जास्त हाताळली जातात त्यांचीच मुखपृष्ठं फाटतात. म्हणजे ज्यांची मागणी आधीच वाढत चालली होती त्यांनाच नवी मुखपृष्ठं मिळाली असतील. मागणीमुळे मुखपृष्ठ, मुखपृष्ठामुळे मागणी नव्हे. फेस बांधाच्या पाण्यालाही येतो.

गणिताचार्य

हा आक्षेप खरोखर चांगला आहे. शेवटच्या दिवशी शंभर माणसं भरण्यासारखा ओढूनताणून नाही.

पाटीपेन्सिल

चांगलाच आहे, आणि त्याचा वेगळा प्रश्नप्रकार असतो: 'पुढीलपैकी कोणतं विधान वरील निष्कर्ष सर्वाधिक कमकुवत करतं?' शंकासुर, तिथे तुम्ही सगळ्यांच्या पुढे असाल. पण इथे चार पर्यायांतला एक निवडायचाय आणि तुमची फाटलेली मुखपृष्ठं त्यात नाहीत. शिवाय (२) मध्ये 'होत असावा' आहे. पेपर काढणाऱ्याने तुमच्यासाठी जागा ठेवलीय.

शंकासुर

'असावा'मुळे थोडा राग शांत झाला. कमकुवत करणाऱ्या प्रश्नांचा धागा कुणी काढणार आहे का?

सावली_२

मी काढते. पण आधी इथे एवढं लिहा की माझं उत्तर बरोबर होतं.

शंकासुर

सर्वाधिक आधार असलेलं होतं.